सुतारकामासाठी परवडणारा आणि अचूक गुण्या: नागपुरात निवडावा कसा, तपासावा कसा

कपाटाचे पल्ले लावल्यावर वर दोन मिलिमीटर आणि खाली चार मिलिमीटर फट दिसली, की पहिला संशय बिजागरीवर जातो. मग स्क्रू ढिले कर, पुन्हा आवळ, यात दुपार निघून जाते. बिजागरीला हात लावण्याआधी कपाटाचा सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघा. सांगाडाच गुण्यात नसेल तर ज्या गुण्याने (फळीला टेकवायचा दांडा आणि रेघ आखायचं पातं असलेल्या काटकोनी हत्याराने) आखणी केली तो काढून तपासा. करवतीला धार आहे का, रंदा नीट लागतोय का, हे प्रत्येक सुतार बघतो. गुण्या मात्र दुकानातून आणला तसा वर्षानुवर्षं वापरला जातो, आणि त्याच्यातला दोष प्रत्येक फळीवर उतरत राहतो.

गुण्या ब्रँड बघून किंवा किंमत बघून घेऊ नका, तपासून घ्या, हे मला इथे सांगायचं आहे. दीडशे रुपयांचा गुण्या खरा निघू शकतो आणि हजाराचा खोटा निघू शकतो. तपासायला सरळ कडेचा एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीचा) तुकडा, धारदार मार्किंग नाइफ, म्हणजे रेघ ओढायची सुरी, आणि पाच मिनिटं पुरतात. ही तपासणी एकदा हातात बसली की महागडं विदेशी हत्यार घेतल्याशिवाय अचूक काम होत नाही ही भीती निघून जाते.

किती अचूक हवा?

गुण्याची चूक अंशांत मोजू नका, मिलिमीटरमध्ये मोजा. मीटरला १ मिमी चूक म्हणजे जेमतेम ०.०६ अंश. ऐकताना काहीच वाटत नाही. पण किचन कॅबिनेटच्या ६०० मिमी खोल साइडवर ती ०.६ मिमी होते. छोटा गुण्या लावून, पुढे पट्टी धरून ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर १२२० मिमीची आडवी रेघ वाढवली, तर दुसऱ्या कडेला १.२ मिमी सरकते. हाच गुण्या १५० मिमी उंचीच्या ड्रॉवरच्या पट्टीला लावला तर चूक ०.१५ मिमी, आणि ती कुणाच्या नजरेलाही येणार नाही. म्हणून किती अचूक हवा हे आधी कामावरून ठरतं.

सुतारी गुण्यांसाठी बीएस ३३२२ हे ब्रिटिश मानक आहे. पात्याच्या दर सेंटिमीटरला ०.०१ मिमी चूक त्यात चालते, म्हणजे वर सांगितलेली मीटरला १ मिमीच. नीट बनवलेला, मानकात बसणारा सुतारी गुण्यासुद्धा १५० मिमीच्या टोकाला ०.१५ मिमी हललेला असू शकतो. मशीनशॉपमध्ये वापरतात त्या पोलादी इंजिनिअर्स गुण्यांची मानकं यापेक्षा बरीच कडक आहेत. भारतीय मानक आयएस २१०३ आहे, आणि बाजारात जर्मन डीआयएन ८७५ चे आकडेही छापलेले दिसतात. डीआयएनमध्ये १०० मिमी पात्याला दर्जा २ साठी ०.०३ मिमी, दर्जा १ साठी ०.०१५ मिमी आणि दर्जा ० साठी ०.००७ मिमी इतकीच चूक चालते. दर्जा २ हा या तिघांतला सगळ्यात सैल, तरीही तो सुतारी मानकापेक्षा तिप्पट कडक आहे.

लाकडाला दर्जा ० लागत नाही. सागाची फळी एका पावसाळ्यात जितकी फुगते त्यापुढे मिलिमीटरचा हजारावा भाग मोजण्यात अर्थ नाही. दर्जा ० साठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते चांगल्या पटाशीवर खर्च करा.

मी धरतो ती मर्यादा अशी. सांधे आखायचे असतील, म्हणजे चूल-साल किंवा डव्हटेल, तर १५० मिमीवर ०.०५ मिमीपर्यंतची चूक चालते. प्लायच्या सांगाड्याला ०.१ मिमी चालते. ०.१५ मिमीच्या वर गेला की तो गुण्या परत करायचा, किंवा भिंतीवर रेघा मारायला ठेवून द्यायचा.

कोणत्या प्रकारचा घ्यावा

सगळ्यात आधी घ्यायचा तो १०० किंवा १५० मिमीचा इंजिनिअर्स गुण्या. जाड पोलादी दांडा, त्यात पक्कं बसवलेलं पातळ पोलादी पातं, आतल्या कोपऱ्यात छोटीशी खाच, आणि अंगावर एकही आकडा नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये कानसकाम शिकवताना हाच हातात देतात. सुतारांच्या पेटीत तो क्वचित दिसतो, कारण तो लोखंडकामाचा समजला जातो. पण याच पैशांत इतका खरा काटकोन दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिळत नाही. कोपऱ्यातली खाच कामाची आहे. फळीच्या कडेला करवतीने उठलेले तंतू त्या खाचेत जातात आणि गुण्या वर उचलला जात नाही.

दुसरा नेहमीचा सुतारी ट्राय स्क्वेअर, लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्याचा. लाकडी दांड्याला आतून पितळी पट्टी आहे का बघा. नसेल तर तो दांडा दोन-तीन वर्षांत झिजतो, आणि दोन्ही टोकांना सारखा झिजत नाही. नागपूरच्या हवेत लाकडी दांडा मी सुचवत नाही, कारण पुढे सांगतो. स्वस्तातला ट्राय स्क्वेअरच घ्यायचा असेल तर धातूच्या दांड्याचा घ्या.

कॉम्बिनेशन स्क्वेअर हे फार उपयोगी हत्यार आहे, पण पारखून घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या लॅरॉय स्टॅरेट यांनी १८७९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि रचना आजही तीच आहे: खाच असलेली पट्टी, तिच्यावर सरकणारं डोकं, आणि पट्टी आवळून धरणारा बोल्ट. काटकोन, ४५ अंश, खोली मोजणं, कडेपासून समांतर रेघ मारणं, सगळं एकाच हत्यारात होतं. तीन-चारशे रुपयांच्या नगात घोळ असतो तो डोक्यात. पट्टी सहसा ठीक असते, पण ती ज्या खाचेत बसते त्या खाचेचा तळ सरळ नसतो, त्यामुळे आवळताना पट्टी कलते. डोक्यात बसवलेली पाण्याची लेव्हल बघून भाळू नका, ती सुतारकामात कशालाच लागत नाही. आकडे कोरलेले आहेत की नुसते छापलेले, हे मात्र जरूर बघा. छापलेले आकडे घामाने आणि धुळीने वर्षभरात पुसट होतात.

तिकोनी ॲल्युमिनियमचा स्पीड स्क्वेअर सर्क्युलर सॉला टेकण देण्यासाठी उत्तम आहे, बारीक आखणीसाठी नाही.

एक स्वस्त पर्याय बहुतेकांच्या लक्षात येत नाही: स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ड्रॉइंगचा मोठा प्लास्टिकचा गुण्या. इंजिनिअरिंगची मुलं वापरतात तो, २५०–३०० मिमीचा. चांगल्या कंपनीचा असेल तर त्याचा कोन बहुधा फार खरा असतो. त्याला दांडा नाही, त्यामुळे फळीच्या कडेला टेकवून आखता येत नाही, आणि मार्किंग नाइफ लावली तर कड कापली जाते. पण टेबल सॉचं पातं उभं सरळ आहे का बघायला, किंवा क्लॅम्प लावलेल्या पेटीचा आतला कोपरा तपासायला तो छान चालतो. तोही आधी तपासूनच घ्यायचा.

बाजारात जाताना

नागपुरात याची खरी बाजारपेठ म्हणजे इतवारीतली लोहाओळी. सुतारी सामानाच्या दुकानात गेलात तर ट्राय स्क्वेअर पुढे येईल. इंजिनिअर्स गुण्या हवा असेल तर व्हर्निअर, मायक्रोमीटर, टॅप-डाय विकणाऱ्या मशीनटूल्सच्या दुकानात जा, आणि ‘फिटरचा गुनिया’ म्हणून मागा, लगेच कळतं. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतली वर्कशॉपं असल्या दुकानांची गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे तिथे हा माल ठेवलेला असतो. ग्रोझ आणि क्रिस्टील ही भारतीय नावं या प्रकारात नेहमी दिसतात. नाव चांगलं असलं तरी हातात आलेला नग तपासायचाच.

किमती दुकानागणिक आणि ब्रँडगणिक बदलतात, तरी साधारण अंदाज देतो. साधा ट्राय स्क्वेअर शंभर-दोनशेत येतो. १०० मिमीचा बरा इंजिनिअर्स गुण्या पाचशेच्या आसपास धरून चला. चांगला ३०० मिमी कॉम्बिनेशन स्क्वेअर हजाराच्या पुढे जातो.

सकाळी, दुकान उघडल्यावर जा. दुपारनंतर ओळीत गर्दी होते आणि दुकानदाराला चार नग काढून दाखवायला वेळ नसतो. पिशवीत एमडीएफचा ३०० बाय २०० चा तुकडा, मार्किंग नाइफ आणि फिलर गेज असू द्या. फिलर गेज म्हणजे बाइकचे व्हॉल्व्ह सेट करताना मेकॅनिक वापरतात तो पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि फट नेमकी किती हे त्याने मोजता येतं. तो नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद जवळजवळ ०.१ मिमी जाडीचा असतो, तोही चालतो.

“भाऊ, याच मापाचे तीन-चार नग काढा ना, त्यातला एक पसंत करून घेतो.” एवढं सांगितलं तर बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. “सगळे सारखेच आहेत” असं उत्तर येईल, पण सगळे सारखे नसतात. एकाच डब्यातल्या दोन गुण्यांमध्ये स्पष्ट फरक सापडतो.

रेघ मारण्याआधी नुसतं हात आणि डोळे वापरून बघायच्या गोष्टी आहेत. दांडा एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पात्याचं टोक हळूच हलवून बघा. रिव्हेटपाशी जराही हालचाल जाणवली तर तो नग बाजूला ठेवा, त्याचा कोन आज बरोबर असला तरी महिन्याभरात बिघडेल. पात्याची कड डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघा, बाक दिसतो का. दांड्याची आतली बाजू काचेवर टेकवा, डुगडुगतो का. व्हर्निअर असेल तर पात्याची रुंदी मुळाशी आणि टोकाला मोजा. दोन्हीकडे सारखी नसेल तर आतला आणि बाहेरचा कोन एकाच वेळी बरोबर असूच शकत नाही.

ऑनलाइन घेतलात तर पाकीट येईल त्याच दिवशी तपासणी करा आणि रेघांचा फोटो काढून ठेवा. परत करण्याची मुदत संपल्यावर सापडलेला दोष तुमचाच.

आधी खरी सरळ कड

आता मुख्य तपासणी. तिचं सगळं बळ संदर्भाच्या कडेवर आहे. कडच वाकडी असेल तर खरा गुण्याही खोटा दिसेल.

प्लायवुडच्या दुकानातून एमडीएफचा कटपीस घ्या, ज्याची एक बाजू कंपनीतून कापून आलेली, म्हणजे फॅक्टरी कड असेल. लकडगंजात टिंबर मार्केटच्या आसपास असे तुकडे सहज मिळतात. ती कड सहसा चांगली सरळ असते, पण तिलाही तपासून घ्या. एका मोठ्या पांढऱ्या लॅमिनेटवर तुकडा ठेवून कडेने रेघ ओढा. मग पुस्तकाचं पान उलटतो तसा तुकडा पालथा करा, म्हणजे तीच कड त्याच रेघेच्या दुसऱ्या बाजूने येईल. दोन्ही टोकं रेघेला जुळवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघा सगळीकडे एक झाल्या तर कड सरळ. मध्ये फट पडली तर कडेचा बाक त्या फटीच्या निम्मा आहे. रंद्याचे एक-दोन हात मारून किंवा सरळ पाटीवर सँडपेपर चिकटवून तो काढता येतो.

उलटून तपासणी

तुकडा टेबलावर ठेवा, सरळ कड तुमच्याकडे. गुण्याचा दांडा उजव्या बाजूला येईल असा कडेला टेकवा. टेकवताना दांड्यावर दाब द्या, पात्यावर नाही. पात्यावर अंगठा दाबला तर दांडा कडेपासून किंचित उचलला जातो आणि आख्खी तपासणी फुकट जाते. मग पात्याच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे डावीकडच्या, मार्किंग नाइफने रेघ ओढा. नाइफची सपाट बाजू पात्याला चिकटलेली हवी. एका खोल ओरखड्याऐवजी दोन हलके हात मारा. पेन्सिल वापरू नका. ०.५ मिमीच्या पेन्सिलची रेघच जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड, तिच्यात ०.१ मिमीचा फरक बुडून जातो.

आता गुण्या पालथा करा, म्हणजे दांडा डावीकडे येईल. पात्याची तीच बाहेरची कड आता उजवीकडे असेल. ती पहिल्या रेघेवर नेमकी आणायचा बहुतेक जण प्रयत्न करतात. तसं करू नका. पहिल्या रेघेपासून अर्धा-एक मिलिमीटर बाजूला ठेवून दुसरी रेघ ओढा. दोन रेघा एकमेकींवर बसल्यात का हे ठरवताना डोळा फसतो, पण दोन जवळच्या रेघांमधली पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी आहे का हे डोळ्याला चटकन कळतं. चष्म्याच्या दुकानातलं साधं भिंग घेऊन बघा. पट्टीची रुंदी तळाशी आणि टोकाशी यात जो फरक दिसेल, तो गुण्याच्या चुकीच्या दुप्पट आहे, कारण एकदा पातं एका बाजूला झुकलं आणि उलटल्यावर तेवढंच दुसऱ्या बाजूला.

१५० मिमीच्या पात्यावर फरक ०.१ मिमी, म्हणजे एका कागदाएवढा किंवा कमी, तर सांध्यांसाठी घ्या. ०.२ मिमीपर्यंत सांगाड्याला चालेल. ०.३ मिमीच्या पुढे परत. आणखी एक हिशेब लक्षात ठेवायला सोपा: १५० मिमीवर दिसलेला फरक दुप्पट केला की ६०० मिमीच्या साइडवर किती चूक येईल ते मिळतं, आणि चौपट केला की प्लायच्या पूर्ण रुंदीवरची.

चूक कोणत्या दिशेची आहे तेही तेव्हाच टिपून ठेवा. पातं दांड्यापासून लांब झुकत असेल तर कोन ९० पेक्षा मोठा, दांड्याकडे झुकत असेल तर लहान. दुरुस्ती करायची वेळ आली तर हे लागतं.

अजून काम संपलं नाही. आपण आत्ता तपासलं ते दांड्याची आतली बाजू आणि पात्याची बाहेरची कड यांचं नातं. आखणीला हेच लागतं. पण फळीची कड गुण्यात रंदली का हे बघताना पात्याची आतली कड कामाला येते, आणि पेटीचा आतला कोपरा बघताना दांड्याची आणि पात्याची दोन्हींची बाहेरची बाजू. म्हणून तीच तपासणी पात्याच्या आतल्या कडेनेही करा. बाहेरच्या कोनासाठी पुढची पद्धत वापरा.

तीन गुण्यांची परीक्षा

ही दुकानात, काचेच्या काउंटरवर करता येते आणि काहीही न आखता होते. जाड सपाट काचेवर दोन इंजिनिअर्स गुण्ये उभे करा, दांडे खाली, पाती वर. मग ते एकमेकांकडे सरकवा, म्हणजे पात्यांच्या बाहेरच्या कडा पाठीला पाठ लागतील. मागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाची चीर वरून दिसते की खालून, ते बघा. मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढी फटही उजेडात स्पष्ट दिसते, म्हणून ही परीक्षा नाइफच्या रेघेपेक्षा बारीक आहे.

दोघांत चीर दिसली नाही म्हणून दोघे खरे असं मात्र नाही. एकाचा कोन जितका मोठा तितकाच दुसऱ्याचा लहान असेल तर ते एकमेकांत बरोबर मिसळतात. म्हणून तिसरा नग लागतो. पहिला–दुसरा, दुसरा–तिसरा, पहिला–तिसरा, तिन्ही जोड्या उजेड न सोडता मिळाल्या तरच तिघेही काटकोनात आहेत, दुसरी शक्यताच उरत नाही. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल, तर दुसऱ्याशी जुळणारा तिसराही मोठाच निघतो, आणि पहिला–तिसरा ही जोडी फट दाखवते. बाहेरच्या कोनाची याहून चांगली परीक्षा घरगुती सामानात होत नाही.

एमआयडीसीत ओळख असेल तर तिथल्या ग्रॅनाइट सरफेस प्लेटवर (अगदी सपाट दगडी पाटावर) एकदा तुमचा संदर्भाचा गुण्या तपासून घ्या. त्यांच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे.

कॉम्बिनेशन स्क्वेअर तपासताना

याला उलटून तपासणी एकदा करून भागत नाही. पट्टी मधोमध ठेवून, पूर्ण बाहेर काढून, आणि उलटी घालून, अशा तिन्ही वेळी करा. प्रत्येक वेळी बोल्ट सारखाच आवळा. पट्टीच्या जागेप्रमाणे कोन बदलत असेल तर पट्टी वाकडी आहे किंवा खाचेत भुसा आहे. आधी पट्टी काढून खाच टूथब्रशने साफ करा, बरेचसे ‘खोटे’ कॉम्बिनेशन स्क्वेअर एवढ्यानेच खरे होतात. सगळ्या जागी चूक सारखीच येत असेल तर दोष डोक्यात आहे, आणि तो बहुधा दुरुस्त होतो.

कशावर किती खर्च करावा

हाती हजार रुपये असतील तर १५० मिमीचा इंजिनिअर्स गुण्या आधी घ्या आणि तो रोजच्या कामात काढू नका. तो घरचा संदर्भ. उरलेल्या पैशांत धातूच्या दांड्याचा साधा ट्राय स्क्वेअर घ्या, तो रोज वापरा, आणि महिन्यातून एकदा संदर्भाशी उजेडात ताडून बघा. कॉम्बिनेशन स्क्वेअर नंतर, पैसे साठल्यावर, आणि तेव्हा बरा घ्या. तीनशेचा घेऊन पुन्हा हजाराचा घेण्यात तीनशे वाया जातात. इंजिनिअर्स गुण्या आणि ट्राय स्क्वेअर दोन्ही हजारात बसत नसतील तर मापात १०० मिमीपर्यंत खाली या, दर्जात खाली येऊ नका. खऱ्या १०० मिमीच्या गुण्याने पेटी होते, खोट्या ३०० मिमीच्या गुण्याने होत नाही.

खोटा निघालेला दुरुस्त होतो का?

एकाच पत्र्यातून कापलेला मोठा ‘एल’ गुण्या, जो गवंडी आणि फॅब्रिकेटर वापरतात, तो सेंटर पंचने सुधारता येतो. कोन लहान असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचची खूण मारा. तिथलं धातू पसरतं आणि दोन्ही बाजू उघडतात. कोन मोठा असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ मारा, बाजू मिटतात. खाली जाड लोखंड ठेवा, एक हलका ठोका, मग पुन्हा तपासणी. दोन-तीन ठोक्यांत मिलिमीटरचे काही दशांश सहज हलतात, म्हणून घाई नको.

कॉम्बिनेशन स्क्वेअरच्या डोक्यात पट्टी टेकते त्या खाचेच्या तळाला दोन्ही टोकांना किंचित उंच भाग असतात. त्यातला एक बारीक कानसेने अगदी हलका घासला की पट्टी त्या बाजूला झुकते. कोणता घासायचा हे मघाशी टिपलेल्या दिशेवरून ठरवा. कानसेचे दोन हात, पुसून पट्टी बसवा, उलटून तपासा. पट्टी स्वतः कधीही घासू नका.

रिव्हेटच्या ट्राय स्क्वेअरला ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. रिव्हेट ढिलं होतं आणि तो कायमचा जातो. धीर असेल तर पात्याची कड कानसेने सरळ करता येते, पण दीडशेच्या गुण्यासाठी एवढी मेहनत मी करणार नाही.

नागपूरच्या हवेत गुण्या सांभाळणं

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लोकांना वाटतं, पोलाद तापून कोन बदलेल. तसं होत नाही. पोलाद सगळीकडून सारखं वाढतं. जानेवारीपासून मेपर्यंत ३० अंशांचा फरक धरला तर ३०० मिमीची पट्टी ०.१ मिमीने लांब होते, कोन मात्र तोच राहतो. उन्हात अर्धा आणि सावलीत अर्धा असा मात्र ठेवू नका.

इथे खरा त्रास कोरड्या आणि दमट हवेच्या फेऱ्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की लाकडी दांडा आकसतो आणि रिव्हेट सैल पडतं. जुलैत तोच दांडा फुगतो. पातं पोलादी, ते हलत नाही, दांडा हलतो, मग कोन कसा टिकेल? लाकडी दांड्याला मी नको म्हणतो ते यासाठी. तुमच्याकडे वडिलांच्या काळचा शिसवी दांड्याचा गुण्या असेल तर तो जरूर जपा, वापरा, पण मृगाआधी आणि दिवाळीनंतर असा दोनदा तपासा.

पावसाळ्यात पोलादाला एका रात्रीत तांबूस डाग पडतात, विशेषतः घामाच्या हाताने धरलेल्या जागी. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं आणि त्यावर भुसा चिकटतो. गंज आलाच तर बारीक ऑइल स्टोनवर (धार लावायच्या दगडावर) सपाट धरून काढा. सँडपेपर बोटाने दाबून घासला तर कड गोल होते.

गुण्या खाली पडला तर तो तपासल्याशिवाय पुन्हा कामाला लावायचा नाही. फरशीवर टोकावर पडलेल्या गुण्याच्या टोकाला बारीक कंगोरा उठतो आणि तोच फळीला टेकून पातं वर उचलतो. बोटाचं नख फिरवलं की कंगोरा अडकतो. ऑइल स्टोनवर दोन हात मारले की गेला.

मोठ्या शीटसाठी घरीच बनवलेला गुण्या

१५० मिमीच्या गुण्याने ८ बाय ४ ची शीट आखू नये, तो कितीही खरा असला तरी. इथे ३-४-५ ची युक्ती सगळे सांगतात: ६० सेंटिमीटर, ८० सेंटिमीटर, आणि कर्ण बरोबर १०० सेंटिमीटर. खोलीच्या फरशीला, मंडपाला ती छान आहे. फर्निचरला अपुरी पडते, कारण कर्ण मोजताना टेप १ मिमी चुकला तर कोन ०.१२ अंशाने चुकतो, म्हणजे मीटरला २ मिमी. त्यापेक्षा ६०० मिमीचा गुण्या घरीच बनवा, खर्च फारसा नाही.

१८ मिमी एमडीएफचा ६०० बाय ६०० चा तुकडा तिरका कापून त्रिकोण करा. एक बाजू फॅक्टरी कडेची ठेवा, ती आखायची कड. दुसऱ्या बाजूला ४० मिमी रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या लावा, एक खालून आणि एक वरून, कडा नेमक्या एका रेषेत ठेवून, म्हणजे उलटल्यावरही गुण्या कडेला टेकेल; ही जोडी दांड्याचं काम करेल. ही जोडी आधी फक्त एका स्क्रूवर बसवा, मधोमध नाही, कोपऱ्याजवळ, म्हणजे ती त्या स्क्रूभोवती थोडी फिरेल. तुमचा इंजिनिअर्स गुण्या लावून अंदाजे काटकोन करा आणि दुसऱ्या टोकाला क्लॅम्प लावा. मग ८ बाय ४ च्या शीटच्या लांब कडेला टेकवून ६०० मिमीची रेघ मारा, उलटून दुसरी मारा. इथे पात्याची लांबी चौपट आहे, त्यामुळे बारीक चूकही मोठी दिसते, आणि जुळवणं छोट्या गुण्यापेक्षा सोपं जातं. टोकाशी जो फरक दिसेल त्याच्या निम्म्याएवढी दुरुस्ती करायची असते. क्लॅम्प थोडा सैल करून जोडीच्या टोकाला हातोडीच्या दांड्याने हलका टोला द्या आणि पुन्हा दोन रेघा मारा. ६०० मिमीवर फरक ०.३ मिमीच्या आत आला की दुसरा स्क्रू घट्ट करा, मधे तिसरा मारा, आणि पट्टीवर तपासल्याची तारीख लिहा. फेविकॉल लावू नका. पावसाळ्यानंतर एमडीएफ थोडं हललेलं असतं, तेव्हा दोन स्क्रू ढिले करून जोडी पुन्हा जुळवावी लागते.